परसातली पिल्लं: शोधायची कशी, बघायची कशी आणि हात कधी आवरायचा

डिसेंबर उजाडला की आम्ही नाशिककर गळ्यात दुर्बीण अडकवून नांदूरमध्यमेश्वरला निघतो. पहाटेची बोचरी थंडी, निरीक्षण मनोरा, पाण्यावर पसरलेली बदकं, येताना वाटेत मिसळ. जरूर जा. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा. पण हिवाळ्यात तिथे उतरणारी पाहुणी बदकं अंडी घालतात दूर उत्तरेला, आपल्याकडे येतात ती नुसती खायला आणि ऊन खायला. त्यांचं बाळंतपण आपल्या नशिबी नाही. घरटं, अंडं, वासलेली चोच, पहिली फसलेली उडी हे बघायचं असेल तर गाडी काढू नका, स्वयंपाकघराचं मागचं दार उघडा.

मखमलाबाद रस्त्याला आमचं जुनं बैठं घर आहे. मागे परस. परस म्हणजे काही मोठी वाडी नाही: एक कढीपत्ता, एक लिंबू, पेरू, अंजीर, जास्वंदीचं कुंपण, सासऱ्यांनी हौसेने चढवलेला द्राक्षाचा मांडव आणि धुणं धुवायचा दगड. एवढ्या जागेत गेल्या अकरा वर्षांत मी बुलबुल, शिंपी, शिंजीर, दयाळ, होला, चिमणी, खार, सरडा आणि भेक यांची पिल्लं पाहिली. तुमच्याकडे सिडकोतल्या रो-हाउसमागची आठ फुटांची पट्टी असेल किंवा चार कुंड्यांची गच्ची, तरी यातली निम्मी तुमच्याकडेही येत असतील. आपलं लक्ष नसतं, एवढंच.

आधी खुर्ची, मग दुर्बीण

पहिलं काम खुर्ची ठरवायचं. घरातल्या माणसांचा रोजचा वावर जिथे असतो तीच जागा उत्तम, कारण पाखरांनी ती आधीच मान्य केलेली असते. आमच्याकडे ती मागच्या दाराची दुसरी पायरी. कुणाकडे स्वयंपाकघराची खिडकी असेल, कुणाकडे जिन्याचा वळसा. खिडकीला डासांची जाळी असेल तर फारच छान, आतला माणूस बाहेरच्या पाखराला जाळीतून नीट दिसत नाही. एकदा जागा ठरली की ती बदलायची नाही. रोज नव्या कोपऱ्यात उभा राहणारा माणूस त्यांना मांजरासारखा वाटतो. मांजरही तेच करतं.

वेळ सकाळची, उजाडल्यापासून आठपर्यंत. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा. एप्रिल-मे मध्ये दुपारी बाराला बसून काही दिसत नाही, उगाच डोकं तापतं. वीस मिनिटं पुरतात. चहाचा कप घेऊन बसा, फोन मुका करा, आणि पहिला आठवडा घरटं शोधूच नका. फांद्या वाकवत फिरणारा नवशिका घरटं शोधत नाही, मोडतो.

चोचीकडे बघा

घरटं शोधायचं नसतं, पाखराने दाखवायचं असतं. त्यासाठी एकच सवय लावून घ्या: येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाखराच्या चोचीत काय आहे ते बघायचं.

काडी, काथ्या, कोळ्याचं जाळं, उशीतला कापूस दिसला तर बांधकाम चालू आहे. अळी किंवा नाकतोडा धरलाय, पण पाखरू तो खात नाही, नुसतं घेऊन बसलंय, तर पिल्लं बाहेर आलेली आहेत. आणि तिसरी खूण, जी मला तीन वर्षं कळलीच नव्हती: पाखरू झुडपातून बाहेर पडताना चोचीत पांढरी, ओली, लिंबाच्या बीएवढी गोळी. ती असते पिल्लाची शी. घरट्यातल्या पिल्लाची विष्ठा पातळ पडद्याच्या पिशवीत बांधलेली येते. घास गिळला की पिल्लू वळतं, बूड वर करतं, आई ती पिशवी तिथल्या तिथे उचलते. पहिले काही दिवस ती स्वतःच गिळून टाकते, पिल्लं मोठी झाली की लांब नेऊन टाकते. बुलबुलाच्या घरट्यात मी हे जवळून पाहिलं तेव्हा सासूबाई शेजारी होत्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी लंगोट धुवायला विहिरीवर जावं लागायचं, हिचं बरंय."

आता अळी घेतलेल्या पाखराचा माग काढायचा, पण बसल्या जागेवरून, नजरेने. ते थेट घरट्यात जात नाही. आधी वायरवर नाहीतर ठरलेल्या फांदीवर थांबतं, मान वळवून चहूकडे बघतं, मग खाली उतरतं. ती थांबायची जागा सापडली की घरटं तिथून चार-पाच हातांच्या आतच असतं. मात्र पाखरू चोचीत अळी घेऊन वायरवरच बसून राहिलं, शेपटी झटकत कर्कश टिकटिक करू लागलं, तर ते तुम्हालाच बोलतंय. तुम्ही जास्त जवळ आहात. दहा पावलं मागे या. ते खाली उतरेपर्यंत मागे येत राहा. कुठल्या पुस्तकात किती फूट लिहिलंय याला अर्थ नाही, प्रत्येक जोडी आपलं अंतर स्वतः ठरवते.

कोण कुठे सापडतं

सुरुवात बुलबुलापासून करा, म्हणजे लालबुड्या बुलबुलापासून. फेब्रुवारीपासून पावसाळा सरेपर्यंत त्याची वीण चालते आणि माणसाच्या वावराजवळ घरटं करायला तो कचरत नाही. जास्वंदीत, मांडवाच्या वेलात, कधी टांगलेल्या कुंडीतही, बहुधा आपल्या छातीच्या उंचीला. वाटीसारखं घरटं, त्यात दोन-तीन फिकट गुलाबी अंडी, वर लालसर ठिपके. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं बाहेर पडायला त्यानंतर जेमतेम बारा-तेरा दिवस. म्हणजे सगळं नाटक महिन्याभरात आटोपतं. गावाला आठ दिवस जाऊन आलात तर अर्ध्या अंकाला मुकलात.

शिंपी त्याहून लाजरा. अंजीर, बदाम, कर्दळ अशा रुंद पानाच्या कडा एकमेकींना टाचून तो पानाचा द्रोण करतो. टाचायला कापूस आणि कोळ्याचं जाळं. बाहेरून नुसतं एक दुमडलेलं पान दिसतं. पाऊस सुरू झाला की आमच्या अंजिरावर दरवर्षी एक द्रोण असतो आणि दरवर्षी मी आधी त्याला रोगट पान समजते. म्हणून सूचना: जून-जुलैमध्ये दुमडलेलं पान तोडायच्या आधी पाच मिनिटं थांबा.

शिंजीर, ज्याला कुणी सूर्यपक्षीही म्हणतात, त्याची मादी टांगतं घरटं बांधते. पोर्चच्या दिव्याची वायर, दारावरची सुकलेली माळ, काहीही चालतं. वाळलेला पाला, साल, कागदाचे कपटे कोळ्याच्या जाळ्याने चिकटवलेले. वरून बघाल तर जळमट वाटेल. दाराच्या भोकावर पावसापुरती पागोळीही काढलेली असते. दिवाळीच्या साफसफाईत असल्या जळमटांवर केरसुणी पडते. बहुतेक तोवर ती रिकामी असतात, पण आत डोकावून मग झटका.

होल्याबद्दल काय बोलावं. एसीच्या बाहेरच्या यंत्रावर पंधरा-वीस काड्या आडव्या टाकायच्या आणि त्यावर दोन पांढरी अंडी ठेवायची, याला तो घरटं म्हणतो. पण पिल्लांना पहिले दिवस तो जे भरवतो ते नवलाचं आहे: नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दह्यासारखं काहीतरी तयार होतं, तेच. पारवा, होला या घराण्याचं हे 'दूध'. पिल्लू आईच्या चोचीत चोच खुपसून पितं, त्यामुळे लांबून दोघं भांडताहेत असं वाटतं.

चिमणीला भिंतीतलं भोक लागतं, आणि आता भिंती गुळगुळीत झाल्या. त्यामुळे लाकडी पेटी लावता येते. या बाबतीत आपल्या गावाला थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही: नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी सुरू केलेल्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. पेटी घेताना भोक सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास आहे ना बघा; त्याहून मोठं असलं की साळुंकी घुसते. भोकाखाली बसायला दांडी असेल तर काढून टाका. चिमणीला ती लागत नाही, पिल्लं पळवणाऱ्याला मात्र टेकायला सोय होते. पेटी पश्चिमेला लावू नका, एप्रिलच्या उन्हात आतली पिल्लं भाजून निघतात.

दाणे टाकले म्हणजे पिल्लांची सोय झाली असा समज आहे. तो चूक आहे. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवते. म्हणजे तुमच्या लिंबावर फवारणी झाली की पेटीतली पिल्लं उपाशी. मी फवारणी बंद केली त्या वर्षी लिंबाची निम्मी पानं खाल्ली गेली. लोणच्यापुरती लिंबं तरीही निघाली.

त्या लिंबाच्या पानांवरच मुलांना बसवा. एवढं जवळून, हातभर अंतरावरून दुसरं कुठलं 'पिल्लू' बघू देत नाही. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर वाटाण्याहून लहान पिवळसर गोल अंडं दिसेल. त्यातून निघणारी फुलपाखराची अळी पहिले काही दिवस हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी आणि पांढरी. पाखरू आपलीच घाण कशाला खाईल? पुढे कात टाकून ती एकदम हिरवीगार होते, पानात विरून जाते. गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी, दुभागलेलं शिंग बाहेर येतं आणि सडक्या लिंबासारखा उग्र वास सुटतो. एकदाच करून बघा, सारखं छळू नका.

पहिल्या मोठ्या पावसानंतर साचलेल्या पाण्यात काळ्या मण्यांची लांब माळ दिसली तर ती भेकाची अंडी. बेडकांच्या इतर जाती पुंजके घालतात, भेक माळ गुंफतो. काही दिवसांत काळे ठिपके शेपटी हलवायला लागतात. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, मग शेपूट आटत जाते, आणि एका सकाळी धुण्याच्या दगडावर नखाएवढे भेक उड्या मारत असतात. त्या दिवसांत परसात चालताना खाली बघा.

सरड्याची मादी पावसाळ्यात ओल्या मऊ मातीत खड्डा उकरून अंडी घालते. मी वाफ्यापासून चार फुटांवर होते. तिने अंडी घातली, मागच्या पायांनी माती ओढली, डोक्याने दाबली, पुन्हा ओढली, पुन्हा दाबली, आणि निघून गेली ती परत आली नाही. ती कधीच येत नाही. दीड-दोन महिन्यांनी काडीएवढी पिल्लं आपली आपण बाहेर येतात. एवढ्यासाठी मी वाफ्यात एक चमचा उलटा खोचून ठेवला होता. खुरपणी करताना अंडी फुटू नयेत म्हणून.

खारीचं घरटं काथ्या-चिंध्यांचा गोळा असतं, पन्हाळीत नाहीतर झाडाच्या बेचक्यात. तिथे डोकावलात तर ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते. बघायला मजा वाटते, पण ते स्थलांतर तुमच्यामुळे आहे.

माझी चूक

दुसऱ्याच वर्षी केली. मांडवात बुलबुलाची तीन पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेले, अंगावर पिसांच्या निळ्या-काळ्या काड्या. फोटोत मधली पानं येत होती म्हणून मी दोन फांद्या सुतळीने बाजूला बांधल्या. फोटो सुरेख आला. सुतळी सोडायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज मांडवावर बसलेला दिसला. आपल्याकडे भारद्वाज दिसला की नमस्कार करतात, दिवस चांगला जातो म्हणतात. सासूबाईंनीही हात जोडले. दुपारी घरटं रिकामं होतं. भारद्वाज अंडी आणि पिल्लं खातो, त्यात त्याचा काही दोष नाही, त्यालाही पिल्लं असतात. पण पानांचा पडदा मी उघडला होता.

तेव्हापासून नियम: घरट्यापुढचं एक पानही हलवायचं नाही. फ्लॅश नाही. फोनवरून त्या पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, त्याला वाटतं दुसरा नर घुसला. घरट्याकडे जावंच लागलं, वाळत घातलेले कपडे काढायला वगैरे, तर न थांबता बाजूने जायचं. सरळ घरट्याशी जाऊन परत यायचं नाही, त्या पायवाटेने मांजर जातं. आणि कावळा बघत असेल तर तिकडे मान वळवायचीसुद्धा नाही. कावळा आपली नजर कुठे जाते ते बघतो. हे माझं निरीक्षण आहे, पटत नसेल तर सोडून द्या.

"वहिनी, पिल्लू पडलंय!"

दर मे-जूनमध्ये शेजारचे काका कुंपणावरून हाक मारतात आणि दर वेळी त्यांच्या हातात दुधाची वाटी असते. पाखराला दूध द्यायचं नसतं. पाव, भात, बिस्किटही नाही. चोच उघडून पाणी तर मुळीच घालायचं नाही. श्वासनलिकेचं भोक जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ आत जातं आणि पिल्लू आपल्या हातात मरतं.

आधी दोन पावलं मागे उभं राहून पिल्लाकडे नीट बघा. अंगभर पिसं आहेत, शेपूट बोटाच्या पेराएवढी, टुणटुण उड्या मारतंय, जवळ गेलं की ओरडतं? मग ते पडलेलं नाही, घर सोडून निघालेलं आहे. उडता यायच्या आधी काही दिवस जमिनीवर आणि झुडपात काढायचे असतात त्याला. आईबाप आसपासच असतात आणि तुम्ही तिथे उभे आहात म्हणून खाली येत नाहीत. काम एवढंच: कुत्रं-मांजर आत बांधा, पिल्लू रस्त्यावर असेल तर उचलून जवळच्या दाट झुडपात ठेवा, आणि घरात जाऊन खिडकीतून तास-दीड तास बघा. दहापैकी आठ-नऊ वेळा भरवायला कुणीतरी येतं. काकांना हे पटायला तीन उन्हाळे गेले. चौथ्या उन्हाळ्यात तेच समोरच्या मुलांना दटावत होते, "लांब व्हा रे, त्याची आई वायरवर बसलीय!"

पिल्लू उघडं असेल, डोळे मिटलेले, पिसं नाहीत, तर ते खरंच पडलंय. घरटं सापडलं आणि हात पोचत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खोटं आहे. वासावरून पिल्लू टाकणारं पाखरू आपल्या परसात नाही. आई टाकते ती पुन्हा पुन्हा त्रास दिल्यामुळे. घरटंच मोडलं असेल तर लहान टोपली किंवा तळाला भोकं पाडलेला डबा घ्या, आत सुकं गवत घाला आणि जुन्या जागेच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत बांधा. कापूस नको, पिल्लाच्या पायात अडकतो. मग पुन्हा लांबून पाहारा.

खारीचं पिल्लू पडलं तर झाडाच्या बुंध्याशी उघड्या खोक्यात ठेवा. अंग गार लागत असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. आई येऊन मानगूट धरून नेते. पण ती दिवसाउजेडीच येते, म्हणून संध्याकाळी सापडलं तर वेळ घालवू नका.

रक्त दिसतंय, पंख लोंबतोय किंवा मांजराच्या तोंडून सुटलंय, या तीन वेळा मात्र वाट बघायची नाही. मांजराच्या दाताची बारीक जखमसुद्धा पाखराला पुरते. बुटाच्या खोक्याला भोकं पाडा, आत सुती फडकं, झाकण लावा, अंधारात शांत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दरम्यान खोकं उघडून दर पाच मिनिटांनी "कसं आहे रे" म्हणायचं नाही. सांभाळून मोठं करू, गोड आहे, हा विचारही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पोपटाचं पिल्लूसुद्धा पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, घरोघरी ठेवलेलं दिसत असलं तरी.

जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या माळ्यावर कधी कधी गव्हाणी घुबडाची पिल्लं सापडतात. पांढरा बदामासारखा चेहरा, लांब पाय, आणि जवळ गेलं की फिस्कारणं. घाबरून काठी उचलू नका. एका जोडीने वाड्यातले किती उंदीर कमी केले ते भाडेकरूंना विचारा.

ज्यांना लांबूनच रामराम करायचा

पावसाळ्याच्या तोंडाला सापाची पिल्लंही निघतात. नाग अंडी घालतो, घोणस जिवंत पिल्लांना जन्म देते, आणि दोघांचीही पिल्लं पहिल्या दिवसापासून विषारी असतात. लहान आहे म्हणून बरणीत घालून मुलांना दाखवणारे महाभाग मी पाहिलेत. कवड्या बिनविषारी, मण्यार अत्यंत विषारी, आणि बोटभर पिल्लात फरक ओळखायला अनुभवी माणूसही दोनदा बघतो. तुम्ही बघा खिडकीतून, नजर हलू देऊ नका, आणि सर्पमित्राला बोलवा. साप दिसेनासा झाला की शोधणं अवघड होतं, म्हणून एकाने बघत राहायचं, दुसऱ्याने फोन करायचा. चावलाच तर आवळपट्टी नाही, ब्लेड नाही, मांत्रिक नाही: हातपाय न हलवता १०८ ची रुग्णवाहिका आणि थेट जिल्हा रुग्णालय.

मळ्यांना लागून घर असेल, म्हसरूळ, मखमलाबाद, गंगापूरच्या बाजूला, तर आणखी एक. उसात किंवा कुंपणाशी ठिपक्यांचं मांजराचं पिल्लू दिसलं तर उचलू नका. ते बिबट्याचं असेल, रानमांजराचं असेल, वाघाटीचं असेल. आई बहुतेक वेळा रात्री न्यायला येते. फोटो काढायला थांबू नका, माणसांना लांब करा, १९२६ ला कळवा. बिबट्याच्या पिल्लाशेजारी उभं राहणं हे निरीक्षण नव्हे.

नाशिकचं पंचांग

आपल्याकडे वर्षाची सुरुवात संक्रांतीनंतरच्या सफाईने करा. पतंग येवल्याचे असोत की गल्लीतले, झाडात मांजा अडकलेला राहतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्येच बंदी घातली, तरी माझ्या पेरूवर दर जानेवारीत तो सापडतो. फेब्रुवारीत हाच मांजा पाखरं घरट्यात विणतात आणि पिल्लाचे पाय त्यात आवळले जातात. काठीला आकडी बांधून सगळा काढा, बारीक तुकडे करून टाका.

एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी. मळ्यात ती ठरल्या वेळी करावीच लागते. परसातल्या हौशी मांडवाला कसली घाई? आधी वेल खालून बघून घ्या, घरटं असेल तेवढा कोपरा महिनाभर राखा. मोठ्या झाडांचं खरं संकट मे महिन्यात असतं, कारण 'पावसाआधी फांद्या उतरवू' म्हणून सगळेच कुऱ्हाड काढतात, आणि नेमकी तेव्हाच निम्मी झाडं घरट्यांनी भरलेली असतात. छाटायचं ते डिसेंबर-जानेवारीत उरका. शहरात झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते हे वेगळंच.

मे-जूनमध्ये कावळा डोक्यावर झेप घ्यायला लागला तर त्याचं घरटं वर आहे. छत्री घेऊन जा. रामकुंडावर ज्याची हात जोडून वाट बघतो तोच हा. जून-जुलैमध्ये त्याच्याच मागे किरकिरत फिरणारं काळं किंवा ठिपकेदार पिल्लू नीट बघा: बऱ्याचदा ते कोकिळेचं असतं. कावळ्यासारखं काळं, पण आवाज वेगळा, चोच वेगळी, आणि कावळीण मात्र मनापासून भरवतेय.

सप्टेंबरपर्यंत पसारा आवरतो.

सामान आणि वही

सामान फार नको. दुर्बीण घेतलीच तर ८×४२. आठ म्हणजे आठपट मोठं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचे मिलिमीटर. परसासाठी दुकानात एकच परीक्षा घ्या: सात-आठ फुटांवरची चिठ्ठी तिच्यातून स्पष्ट वाचता येते का. अनेक महागड्या दुर्बिणी इथे नापास होतात. पाण्याला मातीचं पसरट ताट, दोन बोटं खोल, मध्ये एक दगड. रोज पाणी बदला आणि ते घरट्याच्या अगदी खाली ठेवू नका, मांजर तिथे दबा धरतं.

वहीत सुंदर वाक्यं लिहायची नाहीत. तारीख, वेळ, कोण, चोचीत काय, किती वेळा. माझ्या वहीतलं एक पान असं: "१४ जून, ६.५० ते ७.१०. शिंपी, अंजीर. ७ फेऱ्या. ५ हिरव्या अळ्या, १ कोळी, १ दिसलं नाही. ३ वेळा पांढरी गोळी बाहेर. ७.०४ ला खार पानाजवळ, दोघांनी हाकलली." अशी पंचवीस पानं झाली की कुठल्या दिवशी पिल्लं उडतील हे तुम्ही घरच्यांना आधी सांगू शकता, आणि घरचे ऐकतातही. नोंदी ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकायच्या असतील तर पिल्लं उडून गेल्यावर टाका. वापरात असलेल्या घरट्याचा पत्ता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नकोच. संध्याकाळी अंगणात वीस माणसं येतात, तीही मुलाबाळांसकट.

घरटं रिकामं झालं की लगेच काढायची घाई करू नका. उडालेली पिल्लं चार-आठ दिवस आसपास भरवून घेत असतात, आणि होला तर त्याच काड्यांवर पुन्हा अंडी घालतो. चिमणीची पेटी पावसाळा संपल्यावर उघडून झटकायची, नाकाला फडकं बांधून. गेल्या ऑक्टोबरच्या छाटणीत मांडवातून बुलबुलाचं जुनं घरटं निघालं ते मी वर्तमानपत्रावर सोडवत बसले: द्राक्षाचे ताणे, वाळलेलं गवत, माझ्याच फणीतले केस, कुंडीतल्या काथ्याच्या शेंड्या, चिप्सच्या पाकिटाची चंदेरी पट्टी, आणि तळाशी हिरव्या मांज्याचा वीतभर तुकडा.